४५० वॉटचा खरा भाव : वर्कशॉपच्या कॉम्प्युटरला एसएमपीएस घेताना

बाजारात ‘४५० वॉट’ असं छापलेला एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, सहाशे रुपयांना मिळतो आणि तीन हजारांनाही मिळतो. डबा त्याच मापाचा, पंखा तेवढाच, वायरींचा झुपकाही तसाच. भोसरी, सातपूर, शिरोली किंवा वाळूजच्या एखाद्या गाळ्यात लाकूड कापणाऱ्या राउटरला नाहीतर लेझर कटिंगच्या मशिनला जोडलेला कॉम्प्युटर बंद पडतो, दुरुस्तीवाला ‘एसएमपीएस गेलाय’ म्हणतो आणि मालक सहाशेवाला आणायला सांगतो. मुळात कॉम्प्युटरच बारा हजारांना जुना घेतलेला, मग त्याला तीन हजारांचा डबा कशाला, हा हिशेब वरवर बरोबर वाटतो. घरी पत्रं टाइप करायच्या कॉम्प्युटरला तो कदाचित चालून जाईल. वर्कशॉपमध्ये मात्र तो चुकतो, आणि का चुकतो ते बहुतेक वेळा डब्यावर चिकटवलेल्या कागदावरच लिहिलेलं असतं.

त्या कागदावर एक तक्ता असतो. +३.३, +५, +१२, −१२ आणि +५ स्टँडबाय असे रकाने, आणि प्रत्येकाखाली अँपिअर. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पंखे, हार्ड डिस्कची मोटर हे सगळं १२ व्होल्टवर चालतं. ३.३ आणि ५ व्होल्टवर फारच थोडं काम उरलं आहे. म्हणून १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघायचे आणि त्यांना १२ ने गुणायचं. प्रामाणिक ४५० वॉटच्या डब्यावर तिथे साधारण ३४ ते ३७ अँपिअर असतात, म्हणजे ४०८ ते ४४४ वॉट. स्वस्त डब्यावर त्याच रकान्यात १४ किंवा १६ लिहिलेलं सापडतं, म्हणजे १६८ ते १९२ वॉट. मग ४५० कुठून आले? ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत मोठाले आकडे टाकून, कोणी वापरणारच नाही अशा ताकदीची बेरीज करून. काही डब्यांवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतात. त्यांचे अँपिअर एकमेकांत मिळवू नका. खाली ‘१२ व्होल्टची एकत्रित कमाल’ अशा अर्थाचा वॉटचा आकडा दिलेला असतो, तोच धरा. तो दिलाच नसेल तर डबा परत ठेवा.

दुकानात गेल्यावर ‘किती वॉटचा आहे’ असं विचारायचं सोडून ‘बाराला किती अँपिअर देतो’ असं विचारा. माहीतगार दुकानदार लगेच दुसऱ्या कप्प्याकडे हात नेतो.

आता गरज किती? इथे बहुतेकांचा अंदाज वरच्या बाजूला चुकतो. वर्कशॉपचा कॉम्प्युटर म्हणजे साधा आय-थ्री किंवा आय-फाइव्ह, एक एसएसडी, प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स आणि मशिन चालवणारं सॉफ्टवेअर. असा संच नुसता चालू असताना ३० ते ५० वॉट घेतो आणि ड्रॉइंग फिरवताना किंवा टूलपाथ काढताना १०० ते १५० वर जातो. म्हणजे खऱ्या ३०० वॉटमध्ये तो सुखाने चालेल. तरी ४५० सांगतो, कारण आपल्याकडे सुट्या विक्रीत त्याहून लहान आणि तरीही भरवशाचा डबा क्वचितच मिळतो. त्रिमितीय डिझाइनसाठी ग्राफिक्स कार्ड लावलं असेल तर गणित बदलतं. जीटीएक्स १६५० सारखं मूळ ७५ वॉटचं कार्ड ४५० मध्ये आरामात बसतं. आरटीएक्स ३०६० हे १७० वॉटचं आहे आणि त्यासाठी एनव्हिडियाच ५५० वॉटची शिफारस करते. त्याहून मोठं कार्ड लावणारा माणूस हा लेख वाचून डबा घेणार नाही. ६५० आणि ७५० च्या मागे लागण्यात इतरांचे पैसे वाया जातात.

भावांचं सध्याचं चित्र साधारण असं आहे. शहर, दुकान आणि सणासुदीप्रमाणे शे-दोनशे इकडेतिकडे. कॅबिनेटसोबत फुकटात आलेला किंवा सुटा ५०० ते ८०० रुपयांचा डबा म्हणजे वर सांगितलेला १४-१६ अँपिअरवाला. १,२०० ते १,८०० मध्ये देशी नावांचे डबे मिळतात. त्यातले काही बरे आहेत, काही नुसते जाड पत्र्याचे. तक्ता वाचल्याशिवाय इथे हात घालू नये. २,४०० ते ३,३०० मध्ये कोर्सेअर, कूलर मास्टर, डीपकूल, अँटेक, एमएसआय यांचे ८० प्लस किंवा ८० प्लस ब्रॉन्झ दर्जाचे ४५० वॉट येतात, आणि माझ्या मते वर्कशॉपने थांबायची जागा हीच. ५५० वॉट ब्रॉन्झला ३,५०० ते ४,५०० मोजावे लागतात. गोल्ड दर्जासाठी त्यापुढचे पैसे घालायचं वर्कशॉपला कारण नाही. एक सावधगिरी मात्र हवी : एकाच कंपनीच्या दोन मालिकांत बराच फरक असतो. कोर्सेअरची सीव्ही वेगळी आणि सीएक्स वेगळी. नुसतं कंपनीचं नाव ऐकून बिल करू नका, पूर्ण मॉडेल क्रमांक बिलावर लिहून घ्या.

८० प्लस म्हणजे काय, हेही नीट समजून घ्यायला हवं. २००४ मध्ये सुरू झालेलं हे प्रमाणपत्र फक्त एवढंच सांगतं, की ठरावीक भारावर भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान किती टक्के कॉम्प्युटरपर्यंत पोचते. आतल्या भागांचं आयुष्य, सुरक्षा सर्किटं, धुळीत टिकण्याची ताकद यांबद्दल ते काही बोलत नाही. तरीही त्याचा उपयोग आहे. टुकार डिझाइन ८० टक्के गाठूच शकत नाही, म्हणून सगळ्यात वाईट माल इथेच गळतो. डब्यावर ‘८० टक्के कार्यक्षम’ असं नुसतं छापलेलं असेल आणि प्रमाणपत्राची खरी खूण नसेल, तर तो दर्जा नाहीच असं समजा.

विजेच्या बिलातला फरकही मोजून बघू. कॉम्प्युटर सरासरी ६० वॉट घेतो, दिवसाला १० तास आणि वर्षाला ३०० दिवस चालतो असं धरलं तर त्याची गरज १८० युनिटची. ७० टक्के कार्यक्षम डब्यातून ती भागवायला सुमारे २५७ युनिट लागतात, ८३ टक्क्यांच्या डब्यातून २१७. फरक ४० युनिटचा. युनिटला ९ रुपये धरले तर वर्षाचे ३६० रुपये आणि पाच वर्षांचे १,८००. सहाशे आणि तीन हजार यांतल्या अंतराचा मोठा भाग इथेच भरून निघतो. राहिलेल्यासाठी एवढं पुरे : १८ मिलिमीटर प्लायची ८ बाय ४ ची शीट अडीच ते साडेतीन हजारांना येते आणि काम अर्ध्यात असताना कॉम्प्युटर रिस्टार्ट झाला तर ती जळणात जाते.

गाळ्यातली वीज

घरातली वीज आणि गाळ्यातली वीज यांत फरक आहे, आणि स्वस्त डबा मरतो तो इथे. तीन हॉर्सपॉवरची कॉम्प्रेसरची मोटर थेट सुरू होते तेव्हा क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. वेल्डिंगची ठिणगी पडली की त्या फेजचा व्होल्टेज बसतो. दिवे मिचकतात, पंख्याचा आवाज बदलतो. त्या क्षणी एसएमपीएसने आपल्या मुख्य कपॅसिटरमध्ये साठवलेल्या विजेवर निभावून न्यायचं असतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. एटीएक्स मानकाप्रमाणे पुरवठा पूर्ण तुटला तरी डब्याने सुमारे १६ ते १७ मिलिसेकंद तग धरला पाहिजे. स्वस्त डब्यात हाच कपॅसिटर लहान बसवून पैसे वाचवलेले असतात. म्हणून कॉम्प्रेसर लागला की कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो, आणि मालक विंडोज पुन्हा टाकून घेत बसतो.

यावर खरा उपाय म्हणजे ज्याच्या तक्त्यात इनपुट १००–२४० व्होल्ट लिहिलेलं आहे आणि अॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) आहे असा डबा. असा डबा व्होल्टेज १५० वर घसरला तरी चालत राहतो. सगळे चांगले डबे असे नसतात. नामांकित कंपन्यांचेही काही बजेट डबे फक्त २००–२४० व्होल्टचे असतात. ऑफिसला ते चालतील, वेल्डिंग असलेल्या गाळ्याला नकोत. आणि मागच्या बाजूला ११५/२३० असं लाल बटण असेल तर तो डबा घेऊच नका. कोणी साफसफाई करताना ते ११५ वर सरकवलं आणि २३० ची वीज दिली, की मोठा आवाज होतो आणि डबा संपतो. अॅक्टिव्ह पीएफसी आणि पूर्ण रेंज असलेल्या डब्याला या बटणाची गरजच पडत नाही, त्यामुळे बटण दिसलं की आत जुनं डिझाइन आहे हे कळतं.

जास्त व्होल्टेजपुढे मात्र कोणताच डबा टिकत नाही. थ्री फेज कनेक्शनमध्ये न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला तर सिंगल फेजच्या सॉकेटवर चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. पावसाळ्यात हे आपल्याकडे सर्रास होतं. स्पाइक गार्डमधला भाग क्षणिक उसळीसाठी असतो. चारशे व्होल्ट टिकून राहिले तर तो जळतो आणि पुढचंही वाचत नाही. त्यासाठी बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज कट-ऑफ बसवून घ्या. हजार-दीड हजाराच्या आसपास तो मिळतो आणि एसएमपीएसबरोबर मशिनचे ड्राइव्ह, ट्यूब, चार्जर सगळंच वाचवतो.

अर्थिंगबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ‘कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात’ ही तक्रार गाळ्यागाळ्यात ऐकू येते आणि तिचा दोष डब्याला दिला जातो. प्रत्येक बऱ्या एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट अडवण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून अगदी किरकोळ करंट पत्र्यावर येतो आणि अर्थिंगच्या वायरने जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर त्याला जायला वाट राहत नाही आणि पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट, म्हणजे पुरवठ्याच्या निम्मे, उभे राहतात. मुंग्या त्याच्या. गंमत अशी की अगदी भंगार डब्यात हे कपॅसिटरच बसवलेले नसतात, त्यामुळे तो लावल्यावर मुंग्या थांबतात आणि लोकांना तोच चांगला वाटतो. तसं मुळीच नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटवर न्यूट्रल ते अर्थ किती व्होल्ट आहेत ते बघायला सांगा. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. पाचाच्या वर असतील तर वायरिंग नाहीतर अर्थिंगचा खड्डा तपासायला हवा. अर्थिंगची पिन कापून टू-पिनमध्ये घालणं कायमचं बंद करा. ही पिन कॉम्प्युटरएवढीच तो हाताळणाऱ्या माणसासाठी असते. जमलं तर कॉम्प्युटरचं सॉकेट वेल्डिंग आणि कॉम्प्रेसरपेक्षा वेगळ्या फेजवर घ्या. ही वायर ओढायला फार खर्च येत नाही, आणि महागड्या डब्याने होणार नाही एवढा फायदा होतो.

गाळ्यातला दुसरा शत्रू धूळ. ग्राइंडरची धूळ लोखंडाची असते, तिच्यातून वीज वाहते. पंखा ती आत ओढतो, सर्किटवर थर बसतो, आणि पहिल्या दमट दिवशी शॉर्ट होतो. राउटरचा भुसा वीज वाहत नाही, पण पंखा जाम करतो आणि आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश सेल्सिअस वाढीला साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा. म्हणून कॉम्प्युटर ग्राइंडरपासून लांब, जमिनीपासून तीन फूट वर, भिंतीच्या फळीवर ठेवा. मागचे रिकामे स्लॉट पट्ट्यांनी बंद करा, तिथून पाल आत जाते आणि मरताना बोर्ड घेऊन जाते. साफसफाईला कॉम्प्रेसरची हवा थेट मारू नका. तिच्यात पाणी आणि तेल असतं, शिवाय पंखा भरमसाट वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. साधा ब्लोअर घ्या, काडीने पंखा धरून ठेवा आणि बाहेरूनच झटका. डबा उघडायचा नाही. २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टचं असतं, अॅक्टिव्ह पीएफसीच्या डब्यात मुख्य कपॅसिटरवर त्याहूनही जास्त, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच असतात.

आणखी एक सवय सोडायला हवी. मशिनचा सोलेनॉइड, रिले, एलईडी पट्टी चालवायला बरेच जण कॉम्प्युटरच्या डब्यातून १२ व्होल्ट काढतात. सोलेनॉइड बंद होताना उलट झटका देतो आणि तो थेट मदरबोर्डाच्या ओळीवर येतो. त्यासाठी वेगळा १२ किंवा २४ व्होल्टचा औद्योगिक एसएमपीएस चार-सहाशेत मिळतो, तो घ्या.

जुन्या ब्रँडेड मशिनचं काय

अनेक वर्कशॉपमध्ये डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क, लेनोवो थिंकसेंटर अशी कंपन्यांमधून निघालेली मशिनं असतात. ती आठ ते पंधरा हजारांत येतात आणि या कामाला उत्तम आहेत. त्यांचा मूळ एसएमपीएस १८० किंवा २४० वॉटचाच असतो, पण डेल्टा किंवा लाइट-ऑनसारख्या मोठ्या उत्पादकांचा असतो आणि लिहिलेले वॉट खरे देतो. ‘२४० चा काढून ४५० चा टाका’ या सल्ल्याला बळी पडू नका. शिवाय यांतल्या बऱ्याच मशिनना नेहमीचं २४ पिनचं कनेक्टर नसतं. डेलच्या अनेक मॉडेलांत ८ पिन, एचपीत ६ पिन. डब्याचा आकारही वेगळा. त्यामुळे तो गेला तर त्याच पार्ट नंबरचा जुना, तपासलेला डबा ८०० ते १,५०० मध्ये शोधणं शहाणपणाचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे सुटे भाग विकणारी दुकानं आहेत. निदान सात दिवसांची बदलून देण्याची हमी लेखी घ्या.

यूपीएस असेल तर नव्या डब्याबरोबर त्याची जोडी जमते का, ते कामाआधी बघा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो, तेवढा इथे पुरतो. पण स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर शुद्ध साइन वेव्ह देत नाही आणि काही अॅक्टिव्ह पीएफसी डब्यांना ते सोसत नाही. मशिन बंद ठेवून कॉम्प्युटरवर जड फाइल चालवा आणि यूपीएसचा प्लग काढा. दोन-तीन वेळा करून बघा. रिस्टार्ट झाला नाही तर जोडी ठीक. इन्व्हर्टरवर असाल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर हवं, नॉर्मल मोडमध्ये बदलायला लागणारा वेळ कॉम्प्युटरला जास्त होतो.

नवा डबा बसवल्यावर दुरुस्तीवाल्याला मल्टिमीटर लावायला सांगा, तेही काम चालू असताना. १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६ च्या आत, ५ ची ४.७५ ते ५.२५ च्या आत हवी. नुसता डबा टेबलावर ठेवून, हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरवून दाखवणं म्हणजे तपासणी झाली असं नाही. भाराशिवाय भंगार डबाही बरोबर आकडे दाखवतो.

खरेदीच्या वेळी डब्यावर बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा. बीआयएस केअर अॅपमध्ये तो टाकला की कोणत्या उत्पादकाचा आहे ते तिथेच कळतं. नाव जुळलं नाही तर घेऊ नका. पक्कं बिल मागा. १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्चं बिल घेतलं की तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी प्रत्यक्षात दुकानदाराच्या मर्जीवर जाते. तुमचा जीएसटी क्रमांक असेल आणि तुम्ही नेहमीच्या पद्धतीने कर भरत असाल तर ही रक्कम इनपुट क्रेडिटमध्ये परतही मिळते. वॉरंटी दुकानातून बदलून मिळणार की कंपनीच्या सेंटरला न्यावा लागणार, आणि ते सेंटर तुमच्या शहरात आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.

आणि वॉरंटीत टाळाटाळ झाली तर ‘तुम्ही धंद्यासाठी घेतला, ग्राहक कायदा तुम्हाला लागू नाही’ हे ऐकून परत फिरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे, की स्वयंरोजगारातून केवळ आपली उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोजली जात नाही. स्वतः मशिन चालवून पोट भरणारा गाळेधारक या व्याख्येत बसतो. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. या सगळ्याला बिल लागतं, आणि दुकानांतली थर्मल कागदावरची बिलं वर्ष-दोन वर्षांत पुसट होऊन जातात. खरेदीच्या दिवशीच बिलाचा आणि डब्यावरच्या तक्त्याचा, सिरियल नंबर दिसेल असा फोटो काढून ठेवा.